दर एकरी

पहिल्या कंपनीनं ड्रोन उडवला, संध्याकाळी आकडा पाठवला.
दुसरीच्या बाईनं शेळ्या सुचवल्या:
चाळीस शेळ्या, तीन आठवडे, कुंपण त्यांचंच.
तिसरा ऑटिस वॉमॅक.
आला, टोपी मागे सरकवली
आणि आकडा न सांगता पाऊण तास झाडोऱ्यात नाहीसा झाला.

परतला तेव्हा बाह्यांना कुसळं, मनगटावर ओरखडा.
"तीन एकर," म्हणाला, "पण सगळे सारखे नाहीत."
मी म्हटलं, सरसकट दर सांगा.
बावीस वर्षं रिचमंडला विम्याची गणितं केली,
मला सरसकट आवडतं.

सोमवारी ट्रेलरवरून यंत्र उतरलं,
तोंडाशी दातांचा रूळ.
ऑटिसची मुलगी रॉनेट ते चालवते.
उभं सीडर वरून खाली खाल्लं जातं,
आधी शेंडा, मग कंबर,
आणि ते होतं तिथं
कंपासपेटी उघडल्यासारखा वास.

स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज थोडं जास्त आकाश.
काटेगुलाबाच्या जाळ्या गेल्या,
पॉयझन आयव्हीचे मनगटाएवढे केसाळ दोर गेले,
बुधवारी ओढ्यापलीकडच्या चर्चचं पत्र्याचं छप्पर दिसलं.
मी मनातल्या मनात भेंडीचे वाफे आखले,
कडेनं चवळी.

गुरुवारी अकराला आवाज थांबला.
इतका अचानक, की मी कणकेच्या हातानंच बाहेर गेले.
रॉनेट यंत्राच्या पायरीवर बसलेली.
ऑटिस गुडघ्यांवर.
ओकच्या सावलीत जमिनीला धरून हिरवी गोधडी,
तिच्यात निळी फुलं, पाच पाकळ्यांची.
"ही तर आमची सदाफुली," मी म्हटलं,
"निदान तिची चुलत बहीण."
"व्हिंका," तो म्हणाला.
"ही आपणहून येत नाही, मॅम. कुणीतरी लावावी लागते."

आणि पानं बाजूला सारली.
दगड. नाव नाही, साल नाही,
शेतातलाच दगड, उभा रोवलेला.
चार पावलांवर दुसरा.
मधली माती जराशी खचलेली,
गादीवरून कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.
रॉनेटनं अकरा मोजले.
ऑटिसनं चौदा.
तिला न दिसलेले तीन
माझ्या वितीएवढे होते.

घरात जाऊन मी खरेदीखत काढलं.
त्यात सगळं आहे.
पांढऱ्या ओकपासून लोखंडी खुंटीपर्यंत,
तिथून ओढ्याच्या मधोमध दोनशे दहा फूट,
विजेच्या तारांचा हक्क, शेजाऱ्याच्या वाटेचा हक्क.
सातबाऱ्यावर इतर अधिकारांचा रकाना असतो, तसं काही शोधलं.
मग वाटलं, हे चौदा
तिथं तरी कोणत्या तलाठ्यानं लिहिले असते.

"कोण असतील?"
ऑटिस चर्चच्या छपराकडे बघत राहिला.
"तंबाखू होती इथं सगळीकडे," म्हणाला.
"मालक लोक तिकडे आहेत, रस्त्यापलीकडे. नावासकट."
थोड्या वेळानं, हातमोजा काढत:
"माझ्या आजीची माणसं याच भागातली."

पुढचा दीड दिवस यंत्र उभंच.
बापलेकीनं कोयत्यानं आणि हातकरवतीनं
भोवतीचं तेवढं मोकळं केलं.
रॉनेटनं कडेच्या झाडांना शेंदरी फीत बांधली,
उरलेला तुकडा, काय मनात आलं,
सगळ्यात लहान दगडाला.
तिला मी सांगितलं नाही
की आमच्याकडे दगडाला शेंदूर लागला
की तो कुणीतरी होतो.

बिल शनिवारी आलं.
दोन पूर्णांक आठ दशांश एकर.
हाताच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं.
फोन करून म्हटलं, चूक झालीय.
"नाही," तो म्हणाला.
मग बराच वेळ दोघंही फोन धरून.

शेवटी मी भेंडीचं विचारलं.
यंदा नको, म्हणाला.
एवढा भुसा पडलाय, तो आधी मातीतलंच खातो.
कुजू द्या.